दुःखाने पेटलेल्या माणसाजवळ : भदन्त आनंद कौसल्यायन यांचे जीवन



पूज्य भदन्त डॉ. आनंद कौसल्यायन हे नाव आपल्याला नवीन नाही. दीक्षाभूमीची वारी वर्षानुवर्षे केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले आहे, कानांनी ऐकले आहे. पण जयंती-पुण्यतिथीला आपण त्यांचा परिचय करून देतो तो पालीचे पंडित, जातकांचे अनुवादक, राष्ट्रभाषेचे प्रचारक असा. हे सर्व खरे आहे. आज मात्र मी त्यांच्या जीवनाकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहे, आणि तो प्रश्न तुमच्या-माझ्या दारातला आहे.

समजा, रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावून तुमच्या मित्राचा भाऊ गेला. दवाखान्यात नेण्यासाठी गाडी वेळेवर मिळाली नाही, मिळाली तेव्हा उशीर झाला होता. आता मित्र रडत नाही, तो भडकला आहे. गाडीवाल्यावर, डॉक्टरवर, रोवणीला भावाला पाठवले म्हणून बापावर, आणि समजूत घालायला आलेल्या तुमच्यावरही. आपण काय करतो? आपण जातो, त्याच्यासमोर बसतो आणि पहिल्याच दिवशी त्याला अनित्यता शिकवू लागतो. जो जन्मला तो जाणारच, सगळे संस्कार नश्वर आहेत, तू तर बौद्ध आहेस, तू असा वागतोस? बिचारा तोंड फिरवतो. मग आपण बाहेर येऊन म्हणतो की त्याला धम्म कळलाच नाही. बंधूंनो, त्या वेळी धम्म कोणाला कळलेला नसतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. ते तपासताना भदन्तजींचे जीवन फार उपयोगी पडते.

त्यांचा जन्म 5 जानेवारी 1905 रोजी, तेव्हाच्या पंजाबातील अंबाला जिल्ह्यातील सोहाना या गावी झाला. घरचे नाव हरनामदास. घर खत्र्यांचे, म्हणजे आपल्यासारखे वेशीबाहेरचे नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्या दुःखाच्या गर्दीत ते पुढे उभे राहिले ते दुःख त्यांना जन्माने मिळालेले नव्हते, त्यांनी ते आपलेसे केले. असहकाराच्या चळवळीत सरकारी कॉलेजे सोडलेल्या मुलांसाठी लाहोरला नॅशनल कॉलेज निघाले होते. भगतसिंगही तेथेच शिकले. हरनामदास तेथून पदवीधर झाले. त्यानंतर घर सुटले, आर्यसमाजाच्या वर्तुळात वावर झाला, ब्रह्मचारी म्हणून भटकंती झाली. त्या काळात त्यांना एक मित्र मिळाला, जो पुढे राहुल सांकृत्यायन म्हणून जगाला माहीत झाला.

राहुलजी 1927 साली श्रीलंकेला गेले, केलनियाच्या विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवू लागले. मागोमाग आपले हरनामदासही तेथे पोहोचले आणि 1928 साली त्यांनी चीवर धारण केले. गंमत अशी की मित्राच्या मागे गेलेला हा तरुण मित्राच्या आधी भिक्खू झाला. राहुलजींनी दीक्षा घेतली ती तिबेटहून परतल्यावर, 1930 साली. 1932 साली महाबोधी सभेच्या कामासाठी दोघे लंडनला गेले. राहुलजी काही महिन्यांत परतले, आनंदजी मागे राहून काम करीत राहिले. भारतात आल्यावर सारनाथला त्यांनी महाबोधी सभेचे हिंदी मासिक 'धर्मदूत' सांभाळले. पुढे चाळीसच्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे प्रधानमंत्री म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पंजाबी माणूस, शिक्षण लंकेत, आणि हयातीचा मोठा भाग वर्धा-नागपूरकडे. म्हणून मी त्यांना विदर्भाचाच माणूस मानतो. कोणी हरकत घेतली तर घेवो.

या सर्व धावपळीत त्यांनी एक प्रचंड काम हाती घेतले होते. पाली जातकांच्या 547 कथांचा हिंदी अनुवाद! तो प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाने सहा खंडांत प्रसिद्ध केला. मी पाली शिकू लागलो तेव्हा माझ्या घरात पालीचे सोडाच, कसलेही पुस्तक वाचलेला माणूस नव्हता. असल्या वाचकाला हे हिंदी खंड म्हणजे विहिरीच्या पायऱ्या आहेत, खाली पाण्यापर्यंत नेणाऱ्या. भदन्तजींचे हिंदी सरळ आहे, बोलके आहे. 'रेल का टिकट', 'जो भूल न सका' ही त्यांची छोटी पुस्तके ज्यांनी वाचली असतील त्यांना हे सांगायला नको.

शोकाने वेडावलेल्या माणसाला कोणीतरी भानावर आणतो, अशा कथा त्या जातकांत एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. किसा गोतमी आणि मोहरीचे दाणे आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहेत, ती कथा अर्थकथांतली आहे. येथे मी जातकातील एक कथा सांगतो, कारण आपल्या विहारात ती फारशी सांगितली जात नाही. तिचे नाव सुजात जातक, क्रमांक 352.

वाराणसीत एका गृहस्थाचा बाप वारला. त्याने स्मशानातून बापाच्या अस्थी आणल्या, आपल्या बागेत मातीचा स्तूप उभारला, अस्थी त्यात ठेवल्या. मग जाता-येता तो तेथे फुले वाहायचा आणि रडायचा. स्नान नाही, जेवण नाही, शेतीभाती, कामधंदा सारे बुडाले. त्याचा मुलगा सुजात हे पाहत होता. तो बापाला काही बोलला नाही. गावाबाहेर एक मेलेला बैल पडला होता. सुजातने गवत आणले, पाणी आणले, बैलासमोर ठेवले आणि त्याला खा म्हणू लागला, पी म्हणू लागला. येणारे-जाणारे थांबले. पोराला वेड लागले, अशी बातमी बापाच्या कानी गेली. बाप धावत आला. मेलेल्या जनावराला चारा घालतोस, तुझी अक्कल कोठे गेली, असे त्याने विचारले. सुजात म्हणाला की या बैलाचे डोके जागेवर आहे, पाय आहेत, शेपूट आहे, तो उठेल अशी आशा तरी करता येते. आजोबांचे तर हात-पाय-डोके काहीच उरलेले नाही, आणि तुम्ही मातीच्या ढिगापाशी रडता; मग आपल्या दोघांत वेडा कोण? बाप भानावर आला.

आता पाहा, या कथेत मर्म कोठे आहे? शेवटच्या युक्तिवादात आहे असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. तोच युक्तिवाद सुजातने पहिल्या दिवशी बागेत जाऊन केला असता तर बापाने त्याच्या कानशिलात दिली असती. मर्म त्या बैलापाशी आहे. बाप ज्या वेडात होता त्या वेडात मुलगा स्वतः उतरला, लोकांनी आपल्याला वेडे म्हणावे हे त्याने सोसले. आणि त्यामुळे बापाला क्षणभर आपले दुःख सोडून दुसऱ्याची काळजी करावी लागली. मेलेल्यासाठी रडणारा माणूस जिवंतासाठी धावत सुटला, तेथेच अर्धे काम झाले होते. घट जातकातही (क्रमांक 454) असेच आहे. पुत्रशोकाने अंथरुणाला खिळलेल्या वासुदेवाला उठवण्यासाठी त्याचा भाऊ घटपंडित स्वतः वेड्याचे सोंग घेऊन ससा हवा, ससा हवा म्हणत नगरात फिरतो. वासुदेव अंथरुणातून उठून भावाला शोधायला जातो. सोन्याचा ससा देतो, रत्नांचा देतो. याला हवा असतो चंद्रावरचा. मग न मिळणाऱ्या गोष्टीसाठी कोण रडतो आहे, हे वासुदेवाला आपोआप उमगते.

पटाचारेची हकिगत तर सर्वांना माहीत आहे. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ एकामागून एक गेले, अंगावरच्या वस्त्राचे भान उरले नाही, लोक तिला हाकलून देत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. उपदेश त्यानंतरचा आहे. आधी अंगावर वस्त्र, मग कानी धम्म, हा क्रम आपण विसरतो. आणि हीच पटाचारा पुढे थेरी होऊन, मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रियांचा आधार झाली, असे थेरीगाथेची परंपरा सांगते.

असल्या कथा एकेक शब्द तोलून ज्याने हिंदीत उतरवल्या होत्या, तो भिक्खू 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर उभा होता.

त्या दिवसाचे वर्णन आपण पुष्कळदा ऐकतो, म्हणून मी थोडक्यात सांगतो. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दिल्लीत, 26 अलीपूर रोडवरील निवासस्थानी, 6 डिसेंबर रोजी महापरिनिर्वाण झाले. वय 65. नागपूरच्या धम्मदीक्षेला अवघे त्रेपन्न दिवस झाले होते. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले, राजगृहात दर्शनासाठी ठेवले गेले, आणि लाखोंची अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीवर पोहोचली.

त्या गर्दीच्या मनात काय असेल याचा विचार करा. दुःख तर होतेच. पण ज्याला नुकतेच कोठे उजाडले आणि लगेच अंधार झाला त्याच्या दुःखात संताप असतो. आयुष्यभर ज्यांनी बाबासाहेबांना छळले, निवडणुकांत पाडले, त्यांच्याविषयी संताप. आपल्याच भंडारा मतदारसंघात 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले होते, ही गोष्ट येथील माणसाच्या मनात सलत होती. आणि जेव्हा संतापाला समोर कोणी सापडत नाही तेव्हा तो घरातलाच माणूस शोधतो. पुढच्या काळात तेच झाले. माईसाहेबांविषयी संशय पसरला, समाजाचा मोठा भाग त्यांच्यापासून तुटला. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, पण रागाला निष्कर्ष ऐकू येत नाहीत. माईसाहेब 2003 साली वारल्या. त्यांच्या वाट्याला आलेली ती लांबलचक वर्षे आठवली म्हणजे मला वाटते की न शमलेल्या शोकाचे ओझे कोणाच्या तरी पाठीवर टाकण्यात आपला समाजही मागे राहिला नाही. हे लिहिणे काहींना रुचणार नाही, तरी लिहितो.

त्या संध्याकाळी चौपाटीवर मात्र वेगळे घडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड गर्दीला सामोरे गेले. बाबासाहेबांसोबत काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून, 1930 पासून, झिजलेला हा माणूस, त्याचे स्वतःचे दुःख काय थोडे होते? त्यांनी जमलेल्या लोकांना एक माहिती दिली. बाबासाहेब मुंबईत 16 डिसेंबरला दीक्षेचा सोहळा करणार होते. तो आता ते करू शकणार नाहीत. ज्यांना त्यांची इच्छा पूर्ण करायची आहे त्यांनी येथेच, त्यांच्या पार्थिवाच्या साक्षीने, दीक्षा घ्यावी. आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्रिसरण आणि पंचशील दिले. एक लाखाहून अधिक लोकांनी त्यांच्या मागून ते उच्चारले.

वाचकहो, येथे थोडे थांबा. भदन्तजींचे वय तेव्हा 51 होते. मोठे व्याख्यान देण्याइतकी विद्वत्ता त्यांच्याजवळ होती. अनित्यतेवर ते तासभर बोलू शकले असते. पण त्या लाखाच्या कंठातून जो हंबरडा फुटत होता त्याला त्यांनी शब्द दिले, एका लयीत उच्चारायचे, श्वास घेऊन पुन्हा उच्चारायचे. पंचशील घेताना माणूस मोठ्याने बोलतो, शेजारच्याचा आवाज ऐकतो, हात जोडतो. मुठी वळलेल्या हातांना जोडायला लावणे, याहून अधिक त्या घटकेला काय करता आले असते? पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, हेही लक्षात घ्या. लाखो संतप्त माणसे ते शील आपल्या तोंडाने घेऊन घरी गेली.

काही शहाणे म्हणतात की शोकाच्या भरात घेतलेली दीक्षा ही भावनेची दीक्षा, विचाराची नव्हे. त्यांना येवल्याची आठवण करून दिली पाहिजे. हिंदू म्हणून मरणार नाही असे बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी जाहीर केले होते. चौपाटीवरचा माणूस एकवीस वर्षे विचार करीत होता, त्या संध्याकाळी त्याने फक्त उच्चार केला.

आपला गोंदिया भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. येथून मुंबई हजार किलोमीटरच्या घरात, आगगाडीने जायचे तर अंत्यविधी आटोपून गेलेला. आपल्याकडच्या माणसाला जवळ होते ते नागपूर. तेथेही योगायोगाने एक भिक्खू होता. जन्माने इंग्रज असलेले संघरक्षित 6 डिसेंबरला नागपुरात उतरले आणि तासाभरात त्यांना बातमी कळली. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. एकेक वक्ता उठे, दोन शब्द बोले आणि रडू कोसळून खाली बसे. शेवटी संघरक्षित एका रिक्षाच्या आसनावर उभे राहून बोलले. बाबासाहेब त्यांच्या कार्यात आहेत, ते कार्य पुढे न्यायचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढच्या चार दिवसांत त्यांनी वस्त्या-वस्त्यांतून चाळीसच्या आसपास सभा घेतल्या आणि सुमारे तीस हजार लोकांना दीक्षा दिली. दोन शहरे, दोन भिक्खू, एकमेकांना विचारायला वेळही नव्हता, आणि दोघांनी शोकाच्या हाती एकच काम दिले. याला मी योगायोग म्हणत नाही. धम्माची ती शिकवण आहे.

तरीही चौपाटीवरच काम संपले असते तर भदन्तजींविषयी मी एवढे लिहिले नसते. मित्राच्या घरी पहिल्या दिवशी सगळेच जातात. महिन्याने कोण जातो, वर्षाने कोण जातो, तो प्रश्न आहे. भदन्तजी परत-परत आले. 1959 पासून सुमारे नऊ वर्षे ते श्रीलंकेत विद्यालंकार विद्यापीठात हिंदीचे प्रमुख होते. पण त्या काळातही बाबासाहेबांचा अपुरा राहिलेला संसार त्यांनी उचलला होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या पश्चात 1957 साली प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत, आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांतील बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते. शिवाय त्यात संदर्भ दिलेले नव्हते, म्हणून टीकाकार म्हणत की हा आंबेडकरांचा मनचा बुद्ध आहे. भदन्तजींनी त्याचा हिंदी अनुवाद केला, आणि तो करताना पाली ग्रंथ धुंडाळून मूळ वचने कोठली ते शोधून काढले. कोणी गेल्यावर त्याच्या नावाने भांडणे सोपे असते. त्याच्या वहीतला अर्धा हिशेब बसून पुरा करणे कठीण असते. भदन्तजींनी हा हिशेब पुरा केला, आणि त्या टीकाकारांना याहून चोख उत्तर कोणी दिल्याचे मला माहीत नाही.

त्याच वर्षांत त्यांच्यावरही एक आघात झाला. राहुलजी 1959 ते 1961 या काळात त्याच विद्यालंकार विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत होते. दोघे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर पुन्हा एकत्र आले होते. मग राहुलजींची स्मृती गेली. छत्तीस भाषा जाणणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याला आपली माणसे ओळखू येईनात. 14 एप्रिल 1963 रोजी दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. योगायोग पाहा, बाबासाहेबांच्या जयंतीचा तो दिवस. ज्या मित्राच्या मागोमाग हरनामदास लंकेला गेला होता तो मित्र गेला. भदन्तजी शिकवीत राहिले, लिहीत राहिले.

1968 नंतर त्यांनी नागपूरला बस्तान ठेवले. दीक्षाभूमीवर त्यांचा मुक्काम असे, पुढे कामठी मार्गावर बुद्धभूमी उभी राहिली. गावोगावचे लोक त्यांच्याकडे येत. नवदीक्षित समाजाला काय हवे होते? जुन्या विधी सुटल्या होत्या, नव्या अंगवळणी पडल्या नव्हत्या. घरात मृत्यू झाला की पंचाईत व्हायची. ब्राह्मण नको, पिंड नको, मग करायचे काय? रिकाम्या हाताने बसलेला शोक फार जळतो. आज आपण परित्राणपाठ करतो, पुण्यानुमोदन करतो, भिक्खूंना बोलावतो, गावातल्या विहाराला दान देतो, ही रीत बसवायला त्या पिढीच्या भिक्खूंनी पायपीट केली आहे. तुम्ही ती कोरडी औपचारिकता करून टाकू नका. तेवढ्यापुरता दुःखी घराला काही करायला मिळते, चार माणसे एकत्र बसतात, एका सुरात बोलतात. चौपाटीवर जे लाखांत घडले ते आपल्या ओसरीवर दहा जणांत घडते.

तेव्हा तुमचा तो मित्र, ज्याचा भाऊ बांधीत गेला, त्याच्याकडे जाल तेव्हा त्याचा राग अंगावर घ्या. गाडीवाला चुकला म्हणतो? म्हणू द्या. त्याच दिवशी न्यायनिवाडा करायचा नाही. त्याच्या म्हाताऱ्या बापाला सांभाळायचे आहे, बांधीतले उरलेले पऱ्हे लावायचे राहिले आहेत, ते त्याच्यासोबत लावा. तो बापावर ओरडला तर बापाजवळ जाऊन बसा. गाडीवेळेची तक्रार खरी असेल तर दहा-पंधरा दिवसांनी त्याच्याबरोबर बसून अर्ज लिहा, तारखेनिशी लिहा. खऱ्या गाऱ्हाण्याला अनित्यतेच्या नावाखाली दडपणे हा धम्म नव्हे. आणि सुजातची गोष्ट सांगायची झालीच तर ती तो स्वतः विचारील तेव्हा सांगा, भाताला लोंब्या आल्यावर कधीतरी.

भदन्त आनंद कौसल्यायन यांचे निधन नागपूर येथे 22 जून 1988 रोजी झाले. वय 83. साठ वर्षे त्यांच्या अंगावर चीवर होते. त्यांचे जातकाचे सहा खंड ज्या विहारात नसतील त्या विहाराच्या उपासकांनी येत्या वर्षावासापूर्वी ते मागवून घ्यावेत.